कागदी बहीण

डेसा आज दुपारी जेवायला कुणाशेजारी बसली असेल, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगी वीस वर्षांची आहे, चांगली उंचपुरी आहे, कॉलेजच्या बँडमध्ये सूझाफोन नावाचं ते अवजड पितळी वाद्य खांद्यावर घेऊन तास तास चालते. आपल्याला कुणाची सोबत लागते असं ती कधी म्हणालेली नाही. पण कॉलेजचं जेवणघर मला माहीत आहे. मी तिथंच शिकले. दारातून आत शिरलं की उजवीकडे खिडकीपाशी आमच्या मंडळाचं टेबल, त्याच्यापलीकडे दुसऱ्या मंडळाचं, मधे बँडवाले, मागे फुटबॉलवाले. हातात ताट घेऊन कुणी मुलगी उभी राहिली, तर एका टेबलावरच्या सगळ्या जणी एकाच वेळी तिच्याकडे पाठ फिरवू शकतात. मी स्वतः तशी पाठ फिरवलेली आहे. काळजी वाटते ती म्हणून.

मंडळ म्हणजे आमची सोरॉरिटी, कॉलेजातल्या मुलींचा भगिनीसंघ. बाहेरच्यांना वाटतं, चार वर्षं एकसारखे कपडे घालून नाचायचं आणि मग विसरून जायचं. आमच्या काळ्या लोकांच्या कॉलेजांत ते तसं नसतं. ते मरेपर्यंत असतं, आणि मेल्यावरही थोडं असतं.

डेसानं ते सात वर्षांची असताना पाहिलं. माझी आई वारली तेव्हा चर्चमध्ये चाळीस बायका पांढऱ्या कपड्यांत आल्या, आईच्या शवपेटीभोवती हात धरून उभ्या राहिल्या आणि मंडळाचं गाणं म्हटलं. डेसा बाकावर उभी राहून बघत होती. मी तिला खाली बसवायला गेले तर म्हणाली, “मम्मा, माझ्या वेळी पण ह्या येतील?”

“तुझ्या वेळी म्हणजे?”

“मी मेल्यावर.”

शेजारी बसलेल्या माझ्या मावसबहिणीनं तोंडावर पंखा धरला. हसली की रडली, मला कळलं नाही. पण त्या दिवसापासून डेसाला आमच्या मंडळात यायचं होतं. मंडळाच्या राखाडी आणि डाळिंबी रंगासाठी नाही, नाचासाठी तर नाहीच, तिचे पाय बँडमध्ये तेवढे तालात पडतात. तिला ती चाळीस माणसं हवी होती.

आता तिचा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सहावीत बँडच्या मास्तरांनी तिच्या हातात बासरी दिली. तिनं ती परत त्यांच्या टेबलावर ठेवली आणि जाऊन सूझाफोनशेजारी जमिनीवर बसली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, “अगं, ते उचलणार कोण?” तर म्हणाली, “उचलायला शिकवणार कोण, ते आधी सांगा सर.” कॉलेजात गेल्यावर तिनं कुक्कुटपालनाचं शास्त्र घेतलं. आमच्या मिसिसिपीत कोंबडीवर निम्मी माणसं जगतात, तरी घरच्या बायकांनी तिला सोडलं नाही. “तुझी आजी शिकली, तुझी आई शिकली, ती काय तू कोंबड्यांमागं धावावंस म्हणून?” डेसाच्या हातात तेव्हा तंगडीच होती. म्हणाली, “तुमच्या ताटात आली ती काय चालत आली?”

तर गेल्या रविवारी चर्चनंतर ही जेवायला घरी आली. ग्वेनही आली होती. ग्वेन माझी रांगबहीण. आमच्या वेळी मंडळात येणाऱ्या मुलींना उंचीप्रमाणे एका रांगेत उभं करत. आठ आठवडे त्याच रांगेत चालायचं, त्याच रांगेत खायचं, त्याच रांगेत सोसायचं. मी चौथी होते, ग्वेन पाचवी. माझ्या मानेवर तिचा श्वास दोन महिने होता, तेव्हा आमच्यात काही लपलेलं नाही असं आम्ही धरून चालतो. आता ती कॉलेजातल्या शाखेची सल्लागार आहे, म्हणजे मुलींवर मोठ्या माणसाचं लक्ष हवं म्हणून मंडळानं नेमलेली.

ती रांग आमच्या पुढच्याच वर्षी बंद झाली. सगळ्या मंडळांनी मिळून ठरवलं, आता अर्ज करायचा, मुलाखत द्यायची, थोडं शिकायचं, शपथ घ्यायची, झालं. पण मुलींनी ते मनावर घेतलं नाही. जी नुसता अर्ज भरून येते तिला त्या ‘कागदी’ म्हणतात. कागदी बहिणीला जवळ बसवत नाहीत, तिला मंडळाच्या खुणा दाखवत नाहीत, नाचात तिला कडेला ठेवतात. म्हणून शहाण्या घरच्या मुलीसुद्धा अर्ज भरतात आणि वर चोरून रांगेतही उभ्या राहतात.

हा शब्द डेसानं माझ्याच स्वयंपाकघरात ऐकला. आम्ही रांगबहिणी जमलो की कागदी बायकांवर हसायचो. मिसेस टार्व्हर म्हणून एक आहेत, चाळिशीत अर्ज भरून मंडळात आल्या. त्यांना आम्ही ‘झेरॉक्स’ म्हणायचो. पोरगी टेबलाखाली बाहुलीशी खेळत असायची. मला वाटायचं, तिला काय कळतंय.

रविवारी ग्वेननं मक्याच्या पावाला लोणी लावता लावता विषय काढला. “काय गं डेसा, गुरुवारचा निरोप मिळाला ना?”

“मिळाला, ग्वेन मावशी. टायरच्या दुकानामागच्या घरात संध्याकाळी सातला, पांढरा शर्ट, काळी पँट, फोन आणायचा नाही, कुणाला सांगायचं नाही.”

“मग सांगतेस काय टेबलावर?”

“तुम्ही विचारलंत म्हणून. अर्जात मात्र हे कुठं लिहिलेलं नाही हं. मी तो दोनदा वाचला.”

माझा नवरा कर्टिस मॅकरोनी वाढून घेत होता. तो म्हणाला, “मला सैन्यात गुडघ्यांवर बसवायचे, पण महिन्याचा पगार द्यायचे. तुमच्या बायकांचं काय ते मला अजून कळलं नाही.”

“तू गप रे कर्टिस,” ग्वेन म्हणाली. “डेसा, ऐक. चार-पाच आठवड्यांचा प्रश्न आहे. तू व्हर्लीनची मुलगी, आणि कागदी? तुझी आजी कबरीतून उठून येईल.”

“येऊ दे की. मला तिला भेटायचंच आहे. आणि ग्वेन मावशी, कागदाला काय वाईट? माझी पदवी कागदावरच येणार. डॅडीचं गाडीचं लायसन्स कागदावर. तुमचं लग्नसुद्धा कागदावर होतं.” जरा थांबून म्हणाली, “दोन्ही वेळा.”

कर्टिस खोकत उठून पाणी प्यायला गेला. ग्वेन आधी हसली, मग हसायची थांबली.

“तोंड सांभाळ.”

“सांभाळते. पण मला एक सांगा, आजीला पुरलं त्या दिवशी सगळे जेवून गेल्यावर भांडी कुणी घासली?”

ग्वेनला आठवेना. मला आठवत होतं. रात्रीपर्यंत आमच्या मोरीपाशी मिसेस टार्व्हर उभ्या होत्या, पांढऱ्या ड्रेसच्या बाह्या कोपरापर्यंत वर करून. मी त्यांचे आभार मानले होते की नाही, ते मात्र आठवत नाही.

“मी त्यांना भांडी पुसून देत होते,” डेसा म्हणाली. “मला तसली बहीण व्हायचंय. मी अर्ज भरणार, मुलाखत देणार, शपथ घेणार. त्या घरात नाही जाणार.” मग ती माझ्याकडे वळली. “मम्मा, त्या घरात तुला काय केलं होतं?”

ग्वेननं सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

“काय करणार,” मी म्हणाले. “गाणी पाठ करून घेतली. मोठ्या मुलींसाठी केक भाजले. झोप कमी मिळाली, एवढंच.”

डेसा माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटं पकडता येतं असं नाही, पण ती वाट बघते. बँडच्या मास्तरांसमोर बसली होती तशी. मी उठून गार चहाचा जग आणायला गेले.

खरं असं आहे. एकोणनव्वद सालच्या मार्चमध्ये, पाचव्या आठवड्यात, एका मोठ्या मुलीनं मला मंडळाच्या संस्थापक बायकांची नावं क्रमानं म्हणायला सांगितली. सातव्या नावाला मी अडखळले. तिनं उघड्या हातानं माझ्या डाव्या कानावर मारलं. आत काहीतरी फुटल्यासारखं झालं, मग बराच वेळ नुसती शिट्टी. रांगेतल्या कुणीही मान वळवली नाही, कारण मान वळवायची नाही असा नियम होता. दोन दिवसांनी उशीवर रक्त दिसलं तेव्हा मी घरी आले. आईनं मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे कशानं झालं? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “तळ्यात सूर मारला हिनं.” मार्चमध्ये, थंडीत, तळ्यात. आई स्वतः मंडळाची होती. तिनं मला कधीच काही विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. कर्टिसला मी लग्नाआधीच तळ्याचं सांगून ठेवलं. डेसा लहानपणापासून कायम माझ्या उजव्या बाजूनं चालते, तिला वाटतं मम्मा पोहताना बेसावध होती.

सोमवारी सकाळी डेसानं अर्ज स्वतः जाऊन कॉलेजच्या ऑफिसात दिला, पोच घेतली, आणि शाखेची अध्यक्ष टिएरा हिला तिच्या वर्गाबाहेर गाठून सांगितलं की गुरुवारी मी येणार नाही. टिएरा म्हणाली, “मग तू कागदी.” ही म्हणाली, “हो.” सगळ्यांना हा शब्द नाकारताना टिएरानं पाहिलं होतं, कबूल करताना कुणाला पाहिलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी बारा वाजता, जेवणघराच्या पायऱ्या भरलेल्या असतात तेव्हा, डेसा पांढरा टी-शर्ट घालून तिथं गेली. छातीवर, कपड्यांवर नाव घालायच्या काळ्या पेनानं, वीतभर अक्षरांत लिहिलं होतं: कागदी. पाठीवर शून्य. रांगेत जिला तिला नंबर असतो, म्हणून हिनं आपला शून्य घेतला. बँडची मुलं पायऱ्यांवर होती, त्यातला एक ढोलवाला ओरडला, “ए सूझाफोन, भिजू नकोस गं, लगदा होईल!” ती म्हणाली, “मग पुठ्ठा होईन, आणखी घट्ट!” पोरं हसली. आमच्या टेबलावरच्या मुली मात्र हसल्या नाहीत. त्या ताटं घेऊन उठल्या आणि एकाच वेळी वळल्या.

हे मला डेसानं नाही सांगितलं. आज, बुधवारी दुपारी ग्वेनचा फोन आला. मी नळाच्या पाण्याच्या बाटल्यांवर गावांची नावं चिकटवत होते. मी काउंटीच्या आरोग्य खात्यात पाणी तपासते.

“व्हर्लीन, तुझ्या मुलीनं काय घातलं होतं कळलं का तुला?”

तिनं सांगितलं. मला आधी हसू आलं, ते मी गिळलं.

“यंदा सात मुली आहेत. सहा जणी येतायत, एकटी हीच येत नाही,” ग्वेन म्हणाली. “उद्या तिला एक तासभर नुसती आणून उभी कर. मी सांगून ठेवते, व्हर्लीनची मुलगी आहे, हात लावायचा नाही. दाखवण्यापुरतं. नाहीतर घेतली तरी तिच्याजवळ उभं कोण राहणार?”

“म्हणजे बाकीच्या सहा जणींना हात लावायचा?”

“शब्दात पकडू नकोस. मी तिथं नसते, मला काही माहीत नसतं.”

“तू सल्लागार आहेस, ग्वेन.”

“म्हणूनच मला माहीत नसतं. अगं, आपण नाही का सोसलं? मेलीस का तू?”

“एका कानानं मेलेच की.”

ग्वेन मग अगदी साध्या आवाजात, मला समजावल्यासारखी म्हणाली, “तो कान तळ्यात गेला ना तुझा?”

ती नाटक करत नव्हती. ती माझ्या मागं उभी होती, तिनं तो हात उठताना पाहिला होता. पण पंचवीस वर्षं आम्ही सगळ्यांनी तळं तळं इतकं म्हटलं की तिच्या डोक्यात आता तळंच राहिलंय. मी फोन ठेवला. बाटलीवर चुकीचं गाव चिकटलं होतं, ते नखानं काढत बसले.

संध्याकाळी डेसाचा फोन आला. मी आधी तिच्या जेवणाचंच विचारलं.

“जेवले गं मम्मा. कॅटफिश होता.”

“कुणाबरोबर?”

“काट्यांबरोबर. मम्मा, ऐक ना. तू कुणाला फोन करणार नाहीस. ग्वेन मावशीला नाही, मंडळाच्या वरच्या ऑफिसात नाही. त्या घराबद्दल ऑफिसात काय लिहायचं ते मी लिहिलंय, माझ्या नावानं. तू मधे पडलीस तर म्हणतील, आईच्या पदराखाली लपली. शब्द दे.”

मी दिला.

“आणि शर्ट मी धुतला नाहीये,” ती म्हणाली. “उद्या पुन्हा घालणार.”

“डेसा, बाळा, पुरे आता. तुझं म्हणणं सगळ्यांना कळलं.”

“नाही कळलं. जमेशा चाललीय.”

जमेशा तिची खोलीतली मैत्रीण. बारीक चणीची, बोलायला भित्री, सुट्टीत आमच्याकडे येते तेव्हा विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. तिच्या घरात कॉलेजात गेलेली ती पहिली. तिला आई नाही, आजीनं वाढवलंय.

“मी तिला कालपासून सांगतेय,” डेसा म्हणाली. “भांडलेसुद्धा. तर मला काय म्हणते माहितीये? म्हणते, तुझी मम्मा गेलीच होती ना त्या घरात? बघ किती छान आहेत त्या. नोकरी, घर, बोलणं-चालणं. गाणी म्हणायची, केक भाजायचे, एवढंच तर असतं, तुझ्या मम्मानं स्वतः तुला सांगितलं. तूच उगाच बाऊ करतेस.” तिचा आवाज जरा उतरला. त्या मुलीचा आवाज उतरलेला मी फार वेळा ऐकलेला नाही. “मला त्यावर काही उत्तर देता येईना, मम्मा. असंच होतं ना? केकच होते ना?”

“मी नंतर फोन करते,” मी म्हणाले आणि ठेवून दिला. पळाले.

त्याला पाच तास झाले. कर्टिस झोपलाय. मी हे लिहीत बसलेय. डेसासाठी मी काय काय घाबरले ते बघते तर हसू येतं. तिला मंडळात घेतील का, नाचात कडेला ठेवतील का, टेबलाशी बसवतील का. ती एकटी जेवतेय आणि अजून उभी आहे. शर्टावर शून्य लिहून घेणाऱ्या मुलीला कुणी कडेला ठेवणार तरी कसं? तिला माझ्याकडून टेबल नको होतं. तिनं एक साधा प्रश्न विचारला होता, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी डॉक्टरसमोरच्या माझ्या आईसारखी वागले. माझं ते गोड उत्तर उचलून एक भित्री पोर उद्या सात वाजता पांढरा शर्ट घालून त्या घरात जाणार आहे.

ग्वेनला फोन करायचा नाही, ऑफिसला नाही, असा शब्द मी डेसाला दिलाय आणि तो पाळणार आहे. पण स्वतःबद्दल गप्प राहीन असा शब्द मी तिला दिलेला नाही. तो मी दुसऱ्यांना दिला होता, अठ्ठावीस मेणबत्त्यांसमोर गुडघ्यांवर बसून, डाव्या कानात कापसाचा बोळा घालून. त्या घरात जे झालं ते कधीही, कुणालाही सांगणार नाही. माझ्या आईनं तो शब्द पाळला, ग्वेननं तर इतका पाळला की विसरून गेली. मी मोडणार आहे. मंडळाला मला काढायचं असेल तर काढावं, माझ्या पेटीभोवती कुणी उभं राहिलं नाही तरी चालेल. मारणारीचं नाव, सातवं नाव ज्याला मी अडखळले, उशी, डॉक्टर, सगळं सांगणार आहे.

पावणेबारा झालेत. मुली एवढ्यात झोपत नाहीत. डेसाचा नंबर लावते. जमेशाला जवळ बोलव म्हणेन, फोनचा आवाज मोठा कर, आणि दोघी ऐका.